मुशीतून सुटलेले दागिने

मराठीत 'मोडणे' हे क्रियापद फार कामाचे आहे. काठी मोडते, लग्न मोडते, नोट मोडतात आणि दागिनाही मोडतात. शेवटच्या दोन प्रयोगांत तुटण्याफुटण्याचा अर्थ जवळजवळ नाही. नोट मोडली म्हणजे सुटे पैसे हाती आले. दागिना मोडला म्हणजे त्याचे रोख पैसे झाले किंवा त्याच सोन्याचा दुसरा दागिना झाला. घरातली वडीलधारी बाई "आईच्या गोठांच्या मी पाटल्या केल्या आणि पाटल्या मोडून सुनेला बांगड्या" असे सांगते, तेव्हा तिच्या लेखी आईचे गोठ नाहीसे झालेले नसतात. ते सुनेच्या हातात असतात. इतिहासाच्या अभ्यासकाच्या लेखी मात्र ते कायमचे गेले.

एकोणिसाव्या शतकातील दागिन्यांचा विचार करताना ही अडचण पहिल्याच पावलाला आडवी येते. त्या काळच्या इंग्रज मध्यमवर्गाचे दागिने लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आणि तिकडच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात आजही विपुल आहेत. त्याच काळातील पुणे, पनवेल किंवा साताऱ्याच्या साध्या घरांतले दागिने त्या मानाने फार थोडे उरले. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी काही पाहायला मिळतात, काही देवळांत देवीच्या अंगावर आहेत, काही जुन्या घरांच्या पेट्यांत आहेत. बाकीचे मुशीत गेले. आपल्या आज्या-पणज्यांना दागिन्यांविषयी माया कमी होती म्हणून असे झाले काय? आम्हांला तसे वाटत नाही. माया वेगळ्या वस्तूंत गुंतलेली होती, आणि कोणता दागिना टिकावा हे धातूचे गुणधर्म व सरकारी कायदे यांनी ठरवले. यातली चांदीची हकीकत पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. तिच्याकडे आपण वळणारच आहोत. पण आधी थोडे इंग्लंडात डोकावू.

केसांची अंगठी आणि काचेची बांगडी

१४ डिसेंबर १८६१ रोजी राणी व्हिक्टोरियाचे पती अल्बर्ट वारले. राणीने उरलेले आयुष्य काळ्या पोशाखात घालवले आणि तिच्या अनुकरणाने शोकाचे दागिने ही इंग्लंडातील मोठी फॅशन झाली. हे दागिने बहुधा 'जेट' नावाच्या काळ्या पदार्थाचे असत. यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर व्हिटबी गावाजवळ तो सापडे. आपल्याकडे 'ख्रिसमस ट्री' म्हणून जे झाड कुंडीत लावतात, त्याच्या कुळातील वृक्षांचे लाकूड सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाच्या गाळात दबले आणि त्याचे जेट झाले. म्हणजे तो एक प्रकारचा कोळसाच. पण हलका, कोरायला सोपा आणि घासला की आरशासारखा चमकणारा.

दुसरा प्रकार त्याहून जवळिकीचा. गेलेल्या माणसाचे केस कापून, सोड्याच्या पाण्यात उकळून स्वच्छ करून त्यांची बारीक वेणी घालीत आणि ती अंगठीत किंवा ब्रोचमध्ये काचेखाली बसवीत. प्रेमिकांमध्येही अशा दागिन्यांची देवघेव होई. केस हे केरॅटिन या प्रथिनाचे बनलेले असतात. त्याच्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींना घट्ट बांधलेल्या असतात, त्यामुळे दीडशे वर्षांनंतरही केसांचा रंग आणि पीळ ओळखू येतो. आणखी एक गमतीचा प्रकार म्हणजे रत्नांची आद्याक्षरे जुळवून शब्द करणे. रुबी, एमरल्ड, गार्नेट, ॲमेथिस्ट, रुबी आणि डायमंड ओळीने बसवले की इंग्रजीत 'रिगार्ड', म्हणजे स्नेहादर, हा शब्द तयार होतो.

हे दागिने उरले कसे? १८५४ साली इंग्लंडात कायद्याने १५, १२ आणि ९ कॅरेटच्या सोन्याला मान्यता मिळाली. ९ कॅरेट म्हणजे ३७.५ टक्के सोने; बाकीचे मुख्यतः तांबे आणि चांदी. अशा पातळ अंगठीतून केस आणि काच काढून ती वितळवली तर हाती येणार ते काय? भावना बिनमोल वस्तूत होती आणि सोने नावापुरते होते. मुशीला अशा दागिन्यात रस नव्हता.

आता आपल्याकडे पाहू. आपल्याकडचे सर्वांत भावनेचे दागिने कोणते, असे विचारले तर मंगळसूत्र आणि काचेच्या बांगड्या, असेच उत्तर येईल. मंगळसूत्रातील दोन वाट्या सोन्याच्या असल्या, तरी त्यात न चुकता लागणारी वस्तू म्हणजे काळे मणी, आणि ते काचेचे. म्हणजे भावना इथेही बिनमोल पदार्थातच आहे. भाषेनेही हा भेद नेमका जपला आहे. सोने आपण मोडतो, पण बांगडी फुटली असे जुनी माणसे म्हणत नाहीत. बांगडी 'वाढली' म्हणतात. मंगळसूत्राचा धागा तुटला तरी ते 'वाढवले' जाते. ज्या वस्तूच्या तुटण्याची खरोखर भीती वाटते, तिच्यासाठी तुटण्याचा शब्दसुद्धा तोंडातून काढायचा नाही.

आमच्या नवी मुंबईचा परिसर, म्हणजे वाशी, दिवाळे, सारसोळे, करावे ही खाडीकाठची गावे, शहर वसण्यापूर्वीपासून कोळी-आगरी लोकांची. मुंबई-ठाण्याच्या सोनकोळी स्त्रियांची एक रीत ब्रिटिश अमदानीतील गॅझेटियरांत नोंदलेली आहे. लग्नाच्या वेळी उजव्या हातातील काचेच्या बांगड्या काढून समुद्राला अर्पण करायच्या, म्हणजे होडी घेऊन जाणाऱ्या धन्याला तो सांभाळील. त्या हातात पुढे काच घालायची नाही, चांदीचे कडे घालायचे. डाव्या हातात काचेच्या बांगड्या राहतात. एका हातात समुद्राशी केलेला करार आणि दुसऱ्या हातात सौभाग्य. केसांच्या अंगठीहून ही कल्पना कुठे कमी आहे? पण तिचा पुरावा संग्रहालयात कसा सापडणार? तो समुद्राच्या तळाशी गेला.

इंग्लंड आणि महाराष्ट्र यांतला खरा फरक नवरा वारल्यानंतर दिसतो. इंग्रज विधवेला शोकाचा दागिना मिळे. मराठी उच्चवर्णीय विधवेच्या अंगावरचे दागिने उतरवले जात. बांगड्या फोडल्या जात, मणी तुटत. विधवांच्या पुनर्विवाहाला १८५६ साली कायद्याने मान्यता मिळाली आणि १८६३ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात विधवांच्या बाळंतपणासाठी आपल्या घरी आश्रय उघडला, तरी उतरवलेला दागिना पुन्हा अंगावर चढणे सोपे नव्हते. तो पेटीत जाई, मुलीला किंवा सुनेला जाई, अथवा सोनाराकडे. मूस पेटण्याचे हे एक नेहमीचे निमित्त होते.

व्हेनिसची पुतळी

सोन्याच्या दागिन्यांपैकी एकाची जन्मकथा सांगण्यासारखी आहे. पुतळ्यांची माळ आपण सर्वांनी पाहिलेली असते. गोल चकत्या, त्यांवर मानवाकृती. व्हेनिसच्या गणराज्याने १२८४ साली 'डुकॅट' नावाचे सोन्याचे नाणे पाडले. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम आणि सोने त्या काळच्या तंत्राला साधेल तेवढे शुद्ध, म्हणजे ९९ टक्क्यांच्या आसपास. १७९७ साली नेपोलियनने ते राज्य बुडवेपर्यंत, म्हणजे पाचशे वर्षे, त्याचे वजन आणि कस जवळजवळ बदलला नाही. मिरी, कापड आणि मसाल्यांच्या बदल्यात ही नाणी अरबी समुद्रामार्गे पश्चिम किनाऱ्यावर येत राहिली. नाण्याच्या एका बाजूस व्हेनिसचा अधिपती संत मार्कपुढे गुडघे टेकून त्याच्या हातून निशाण घेत आहे, दुसऱ्या बाजूस ताऱ्यांच्या कोंदणात येशू उभा आहे. आपल्याकडे लॅटिन अक्षरे कोण वाचणार? लोकांनी त्यात आपले देव पाहिले आणि त्या आकृत्यांवरून नाण्याला पुतळी म्हटले. मागणी एवढी, की सोनार स्वतःच्या ठशांनी तशा चकत्या करू लागले. एकोणिसाव्या शतकातील बहुतेक माळांत अस्सल नाणी नसून असे ठसेच असत, आणि पुढे तर ठशावर सरळ लक्ष्मी आली.

नाण्याची माळ होणे हे अपघाताने झालेले नाही. बाजारात ज्याचा कस सर्वांना माहीत आहे असे सोने गळ्यात घालणे म्हणजे गरज पडेल तेव्हा कोणत्याही गावात, कोणत्याही सराफापुढे वाद न होता पैसे मिळणे. याज्ञवल्क्य स्मृतीत स्त्रीधनाविषयी सांगितले आहे, की दुष्काळ, आजार, धर्मकार्य किंवा अटक अशा प्रसंगी नवऱ्याने बायकोचे धन वापरले तर ते परत करण्याचे बंधन त्याच्यावर नाही. नियम कोणाच्या सोयीचा होता हे उघड आहे. पण त्यातून एवढे कळते, की दागिना हा दुष्काळातला शेवटचा आधार आहे हे सर्वांनी गृहीतच धरले होते. जमिनीवर स्त्रीचे नाव सहसा नसे. तिची मालमत्ता अंगावर होती.

काळे दिसणारे सोने

फॅशनचा माग काढायचा तर चित्रे आणि छायाचित्रे पाहावी लागतात. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी यांचे बंधू नारायण दाजी हे तिथल्या पहिल्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. विल्यम जॉन्सन याने मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींची छायाचित्रे दोन खंडांत १८६३ आणि १८६६ साली प्रसिद्ध केली. अशी जुनी छायाचित्रे पाहताना एक गोष्ट खटकते. मोत्यांची नथ, चिंचपेटी आणि तन्मणी लख्ख पांढरे दिसतात, चांदीचे वाळेही उजळ दिसतात. पण सोन्याचे दागिने मळकट, कधी कधी तर काळपट. विद्यार्थी म्हणतात, "सर, हे पितळेचे असतील." नाही, हे सोनेच आहे.

कारण प्रकाशात आहे. चांदी दृश्य प्रकाशातील सर्व रंग जवळजवळ सारखेच परावर्तित करते. सोने लाल-पिवळा प्रकाश उत्तम परावर्तित करते, पण निळ्या-जांभळ्या प्रकाशाचा निम्म्याहून अधिक भाग शोषून घेते. म्हणून तर ते पिवळे दिसते. त्या काळच्या काचेवरील प्रकाशसंवेदी थरात चांदीची लवणे असत आणि त्यांच्यावर परिणाम होई तो केवळ निळ्या, जांभळ्या आणि जंबुपार प्रकाशाचा. पिवळ्या-लाल प्रकाशाला ती आंधळी होती. सोन्यावरून येणारा बराचसा प्रकाश त्या काचेच्या दृष्टीने आलाच नाही. उजळा दिलेल्या एखाद्या कडेवर पांढरी रेघ उमटे तेवढीच. १८७३ साली जर्मनीत फोगेल याने रंगद्रव्य मिसळून हिरव्या-पिवळ्या प्रकाशालाही प्रतिसाद देणारे थर करता येतात असे दाखवले. पण ते सर्रास वापरात यायला बराच काळ गेला.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. सोन्याची आणि चांदीची अशा दोन अंगठ्या शेजारी ठेवून मोबाइलने रंगीत छायाचित्र घ्यावे आणि संगणकावरील चित्रांच्या प्रणालीत त्यातील लाल व हिरवा घटक काढून केवळ निळा ठेवावा. सोने तत्काळ काळवंडते.

गिऱ्हाइकाला अर्थातच हे पसंत नव्हते. हजारो रुपयांचे सोने अंगावर घालून बसायचे आणि चित्रात ते काळे! म्हणून आपल्याकडे छायाचित्रांवर हाताने रंग भरण्याची मोठी परंपरा निर्माण झाली आणि त्यात दागिन्यांवर सोनेरी रंग भरणे हे मुख्य काम झाले. रंगवणारा कारागीर मूळ दागिना न पाहता स्वतःच्या कल्पनेने ठुशीची एक ओळ वाढवून देई, हेही संभवते. तेव्हा रंगवलेल्या छायाचित्रावरून तोळ्यांचा हिशोब करू नये.

रंगीत दागिन्यांची खरी चटक लावली असेल तर ती राजा रविवर्मा यांनी. त्यांच्या तैलचित्रांतील नऊवारी नेसलेल्या, नथ घातलेल्या स्त्रिया आणि त्याच वेषातील देवी १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या व पुढे मळवलीला हललेल्या शिळाछापखान्यातून घरोघरी गेल्या. सरस्वती-लक्ष्मीच्या अंगावर जो दागिना, तो सुनेलाही हवा असे कोणाला वाटले नसेल तरच नवल. एखादा घाट गावोगाव एकसारखा दिसू लागण्यात या छापील चित्रांचा वाटा मोठा असावा, असा आमचा तर्क आहे.

मोती आणि हिरे मुशीत जात नाहीत, पण त्यांचेही वेगळे शत्रू आहेत. मोती म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे पापुद्रे. घामातील आम्लाने आणि चिंचेच्या पाण्याने त्याची झळाळी जाते. हिऱ्याला फॅशनच नडते. नाशिकजवळ त्र्यंबकेश्वरच्या देवस्थानाशी ज्याचे नाव जोडले जाते तो 'नासक' हिरा १८१८ साली दुसऱ्या बाजीरावाच्या पराभवानंतर कंपनीच्या हाती पडला. तेव्हा तो सुमारे ९० कॅरेटचा होता. लंडनच्या जवाहिऱ्यांनी त्याला पैलू पाडून ८० वर आणले; १९४० साली न्यूयॉर्कमध्ये हॅरी विन्स्टनने तो पुन्हा कापला आणि ४३.३८ कॅरेट उरला. म्हणजे अर्ध्याहून अधिक हिरा त्या त्या काळच्या आवडीखातर चुरा झाला.

चांदीचा रुपया आणि चांदीचे वाळे

आता ज्या बायकांची छायाचित्रे कोणी हौसेने काढून घेतली नाहीत, त्यांच्याकडे येऊ. शेतकरी, कष्टकरी घरांत सोने असे ते मण्यादोन मण्यांचे. खरी संपत्ती चांदीची असे: गळ्यात सरी, दंडात वाकी, हातात गोठ, पायात वाळे आणि तोडे, बोटांत जोडवी. ही चांदी कोठून येई? पुष्कळदा सरळ रुपयांतून. १८३५ पासून कंपनी सरकारचा रुपया सर्वत्र एकाच वजनाचा झाला: १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी. तोळ्याचे वजनही नेमके एवढेच ठरवले होते, म्हणूनच 'रुपयाभार' हा शब्द वजनासाठी रूढ झाला. सोनाराला मोजून वीस रुपये दिले की वीस तोळ्यांचे वाळे होत. फसवणुकीची शंका कमी, कारण कसाची हमी टांकसाळीनेच दिलेली. त्या काळचा हॉलमार्क म्हणजे रुपया.

उलटा रस्ताही मोकळा होता, आणि हे महत्त्वाचे. कोणीही चांदी मुंबईच्या टांकसाळीत नेऊन द्यावी आणि सुमारे दोन टक्के खर्च वजा जाता तेवढ्या चांदीचे रुपये घ्यावेत, असा नियम होता. खेड्यातील बाई स्वतः टांकसाळीत जात नसे, हे खरे. ती सोनाराकडे किंवा सावकाराकडे जाई आणि तो आपला वाटा ठेवून घेई. पण टांकसाळीचा दरवाजा उघडा असल्यामुळे चांदीचा भाव एका मर्यादेखाली घसरत नसे. १८७६ ते १८७८ च्या दख्खनच्या भीषण दुष्काळात हा दरवाजा किती उपयोगी पडला, याची साक्ष टांकसाळच देते: त्या वर्षांत चांदीच्या दागिन्यांचा तिकडे ओघ लागला होता. वाळे गेले, सरी गेली. बदल्यात काही महिने धान्य आले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले चांदीचे दागिने आज दुर्मिळ का, याचे बरेचसे उत्तर या दोन-तीन वर्षांत आहे.

नंतर मात्र दूर कोठेतरी घडलेल्या गोष्टींनी या दागिन्यांचे मोल बदलले. १८७१ नंतर जर्मनीने चांदी सोडून सोन्याचे चलन स्वीकारले, युरोपातील इतर देशांनीही चांदीची नाणी पाडणे आवरते घेतले, आणि त्याच सुमारास अमेरिकेतील नेव्हाडाच्या खाणींतून चांदीचा पूर आला. लंडनमध्ये चांदीचा भाव घसरत गेला. आपला रुपया चांदीचा, त्यामुळे त्याचीही पौंडातील किंमत १८७१ च्या सुमारास जवळजवळ दोन शिलिंग होती ती १८९३ पर्यंत सव्वा शिलिंगाच्या आसपास आली. हिंदुस्थान सरकारला लंडनमध्ये व्याज, पेन्शने वगैरेंचा खर्च पौंडांत द्यावा लागे. तो भागेना. शेवटी २६ जून १८९३ रोजी सरकारने टांकसाळी खाजगी चांदीसाठी बंद केल्या. हेतू असा, की नवे रुपये पडणे थांबले म्हणजे रुपया दुर्मिळ होईल आणि त्याचा भाव त्यातील चांदीपेक्षा वर चढेल. काही दिवसांतच लंडनमध्ये चांदी औंसाला सुमारे ३८ पेन्सवरून ३० च्या आसपास उतरली.

हेतू यथावकाश सफल झाला. १८९९ साली रुपया १६ पेन्सांना आणि एक गिनी १५ रुपयांना कायद्याने पक्की झाली. पण वाळ्यांचे काय झाले? विद्यार्थ्यांना हे गणित अवश्य घालावे. रुपयात शुद्ध चांदी १६५ ग्रेन. ट्रॉय औंसात ४८० ग्रेन. १८९७ ते १८९९ या काळात लंडनचा भाव औंसाला साधारण साडेसत्तावीस पेन्स, तोही ९२.५ टक्के शुद्धतेच्या चांदीचा. म्हणजे शुद्ध औंसाला सुमारे २९.७ पेन्स. यावरून रुपयातल्या चांदीची किंमत येते सुमारे १०.२ पेन्स. रुपया मात्र चालतो १६ पेन्सांना. म्हणजे एक तोळा रुपयाच्या कसाच्या चांदीला पूर्वी सोळा आण्यांतून टांकसाळीचा खर्च जाता जे मिळे, त्या जागी आता दहा आणे. चाळीस तोळ्यांच्या वाळ्यांच्या जोडीला पूर्वी एकोणचाळीस रुपये, आता पंचवीस-सव्वीस. स्थानिक बाजारात थोडा फरक पडे, पण दिशा हीच.

या घसरणीनंतर लगेच १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पडले. वाळे तेच, भूक तीच. पण मिळणारे रुपये सुमारे एक-तृतीयांशाने कमी. आणि ज्यांच्या अंगावर सोने होते त्यांचे काय? १८७१ च्या सुमारास जी गिनी सुमारे दहा रुपयांना मिळे, ती आता पंधरा रुपयांची झाली. त्याच तीस वर्षांत गळ्यातले सोने दीडपट महागले आणि पायातली चांदी उतरली. दादाभाई नवरोजी यांच्यासारख्यांनी या चलनधोरणाविरुद्ध लंडनमध्ये समितीपुढे आपले म्हणणे मांडले, पण निर्णय फिरला नाही. ज्यांच्या दागिन्यांची किंमत त्या दिवशी उतरली, त्या बायकांना ही बातमी कळली असेल ती सोनाराच्या दुकानात, काटा पूर्वीइतकेच वजन दाखवीत असताना.

जुना दागिना वाचताना

आज वाशीत किंवा पनवेलीत जुना दागिना मोडायला नेला तर सराफ तो एका पेटीसारख्या यंत्रात ठेवतो आणि अर्ध्या मिनिटात सोने किती टक्के ते पडद्यावर येते. क्ष-किरणांनी अणूंना डिवचले की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण परत सोडते. त्यांची मोजणी करून प्रमाण काढतात. कसोटीच्या काळ्या दगडावर रेघ ओढून तिच्यावर तेजाब टाकण्याच्या जुन्या रीतीपेक्षा हे सोयीचे, आणि दागिन्याला ओरखडाही पडत नाही. पण यंत्राला सोन्यात दिसते ते वरच्या शतांश मिलिमीटरच्या आसपास. जुने सोनार उजळा देताना पृष्ठभागावरील तांबे काढून टाकीत, त्यामुळे वरचा थर आतल्यापेक्षा शुद्ध असतो. शिवाय पाटल्या आणि गोठ पुष्कळदा आतून लाखेने भरलेले. लाखेची घनता पाण्याहून किंचितच जास्त, तर बावीस कॅरेट सोन्याची साडेसतराच्या पुढे. दागिना पाण्यात तोलून आर्किमिडीजची रीत लावली की पोकळ दागिना लगेच उघडा पडतो.

डाखाच्या जागीही पाहावे. कॅडमियम मिसळलेला 'केडीएम' डाख आपल्याकडे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पसरला. सांध्यात कॅडमियम आढळले तर निदान ती दुरुस्ती तरी पणजीच्या काळची नाही.

सर्वांत बोलके म्हणजे रुपयांची माळ. तिच्यात तारखा असतात. 'व्हिक्टोरिया क्वीन' आणि मागे ईस्ट इंडिया कंपनीचे नाव असेल तर ते १८४० चे नाणे. 'एम्प्रेस' असेल तर १८७७ किंवा नंतरचे. १८६२ लिहिलेला रुपया मात्र जपून वाचावा, कारण सरकारने ती तारीख न बदलता १८७४ पर्यंत तेच रुपये पाडले. माळेतील सर्वांत अलीकडच्या नाण्याचे साल घ्यावे. माळ त्यापूर्वीची असू शकत नाही. नंतरची किती, हे नाणे सांगत नाही. एखादा सुटा रुपया मिळाला तर तोही पाण्यात तोलून पाहावा: ११.६६ ग्रॅमच्या नाण्याचे वजन पाण्यात सुमारे १.१ ग्रॅमने घटले पाहिजे.

आणि माळेतल्या प्रत्येक रुपयाला वर एक कडी डाखलेली असते, तिकडेही लक्ष द्यावे. कायद्याने रुपया पूर्ण किमतीला चालायचा तो वापराने झिजण्यापलीकडे विद्रूप झालेला नसेल तरच. १८९३ पूर्वी याने फारसे बिघडत नव्हते, कारण नाणे नाकारले तरी चांदीचे मोल तेवढेच होते. नंतर मात्र मुठीतल्या रुपयाला सोळा आणे आणि कडी लावून गळ्यात घातलेल्या त्याच रुपयाला दहा. सोनाराने कडी तोडून, घासून, डाखाचा मागमूस पुसून तो पुन्हा चलनात सरकवण्याची खटपट केली असेल काय? जुन्या रुपयांच्या कडेवर, राणीच्या मुकुटाच्या वर, कानशीने घासल्याची लहानशी चकती कधी कधी दिसते.